पणजोबांचा युरोप लिहायचा तर आधी खर्डा, मग प्रवास

प्रश्न असा आहे: ‘मी दांडिया बाजारात वाढलो, बडोद्यातच नोकरी करतो. माझे पणजोबा खानगी खात्यात, म्हणजे राजघराण्याच्या खाजगी कारभारात, कारकून होते आणि १९०० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या लवाजम्याबरोबर मार्सेलमार्गे पॅरिसला गेले होते, असं आमच्या घरात सांगतात. त्यांच्यावर कादंबरी लिहितोय. शंभरेक पानं झाली, बोट मुंबईहून निघाली आणि मी अडलो. ताई, युरोप पाहिल्याशिवाय पुढं लिहिता येईल का? आधी काय वाचू? आणि नोकरी सांभाळून हे सगळं जन्मभर जमतं का?’

युरोपला जरूर जा, पण खर्डा पुरा करून जा. शंभर पानं घेऊन आत्ता निघालात तर पॅरिस तुम्हाला भारून टाकेल. मग पुढची दोनशे पानं पॅरिसबद्दल होतील, पणजोबा कोपऱ्यात उभे राहतील.

बोट निघाल्यावर अडलात, म्हणून तुम्हाला वाटतंय की समुद्र आणि पलीकडचा देश पाहिलेला नाही हीच अडचण आहे. मला तसं वाटत नाही. कादंबरी या टप्प्यावर अडते तेव्हा बहुतेक वेळा एकच गोष्ट ठरलेली नसते: या माणसाला हवंय काय? ‘हुकूम झाला म्हणून गेले’ हे कचेरीच्या नोंदीला पुरतं, कादंबरीला पुरत नाही. तो माणूस काय मागे टाकून निघाला होता, ते आधी पाहा.

१९०० हे साल नीट आठवा. संवत १९५६ चा तो दुष्काळ, ज्याला गुजरातेत अजून ‘छप्पनियो’ म्हणतात, १८९९ च्या कोरड्या पावसाळ्यात सुरू झाला आणि १९०० मध्ये त्याची झळ सगळ्यात तीव्र होती. मुंबईत १८९६ पासून प्लेग होता. १९०० मध्येच व्हाइसरॉय कर्झननं संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांवर बोट ठेवणारं परिपत्रक काढलं आणि तो टोला आपल्या महाराजांना आहे हे सगळ्या दरबाराला कळलं होतं. पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या प्रकरणावरून टिळकांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं, त्याला जेमतेम आठ वर्षं झाली होती. समुद्र ओलांडून म्लेंच्छांच्या देशात राहून आलेल्या कारकुनाचं परतल्यावर घरात काय होणार, हा प्रश्न बोटीवर पाय ठेवण्याआधीच त्याच्या पोटात असणार.

म्हणजे तुमचा नायक उपाशी मुलखातून निघून विजेच्या दिव्यांनी लखलखणाऱ्या जागतिक प्रदर्शनाच्या शहरात उतरतो. त्याच्या गावी, समजा पेटलादकडे किंवा कडीकडे, गुरं मरताहेत आणि त्याच्यासमोर पाच पदार्थांचं जेवण मांडलंय. त्याला घरी पैसे पाठवायचे आहेत की घराकडं पाठ फिरवायची आहे? हे ठरवायला तिकीट लागत नाही. हे ठरलं की बोट पुढं जाईल.

फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरचं उदाहरण मला या बाबतीत फार मोलाचं वाटतं. त्यानं १८५७ मध्ये प्राचीन कार्थेजवर कादंबरी लिहायला घेतली. रुआँजवळच्या क्रोआसे गावात, सीनच्या काठी बसून त्यानं ग्रंथांचा ढीग वाचला, लिहायला सुरुवात केली आणि अडला. १८५८ च्या वसंतात तो ट्युनिसला गेला, अवशेषांतून हिंडला, समुद्राचा रंग आणि डोंगरांची ठेवण पाहिली. परतल्यावर त्यानं ठरवलं की आजवरचं सगळं नव्यानं करायचं. पुस्तक निघालं १८६२ साली. तो गेला तेव्हा त्याच्याकडे वाचन होतं, पानं होती आणि नेमकं कुठं अडलंय हे माहीत होतं. म्हणून थोड्या महिन्यांच्या प्रवासानं त्याला एवढं दिलं. तुमचा प्रवास उलट दिशेचा आहे, पण क्रम तोच ठेवा.

न जाताही लिहिता येतं, हेही सांगून ठेवते, कारण व्हिसा, पैसा, घरातलं आजारपण यांपैकी काहीही आडवं येऊ शकतं. ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा ब्रॅम स्टोकर त्या कादंबरीतल्या ट्रान्सिल्व्हेनियाला कधीच गेला नव्हता. व्हिट्बीच्या आणि लंडनच्या वाचनालयांत बसून त्यानं तो मुलूख उभा केला. काफ्का अमेरिकेला गेला नव्हता. त्याच्या अमेरिकेवरच्या कादंबरीतल्या स्वातंत्र्यदेवतेच्या हातात मशालीऐवजी तलवार आहे, आणि तरी ते पान वाचताना कुणी त्याला हटकत नाही, कारण तो एका घाबरलेल्या मुलाच्या डोळ्यांनी पाहतोय. कागदावरचा देश पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून उभा राहतो. तुमच्या कारकुनाचे डोळे आधी तयार व्हायला हवेत.

ते डोळे वाचनातून तयार होतात, आणि त्यासाठी बडोद्याइतकी चांगली जागा मराठी लेखकाला क्वचित मिळेल. मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी तुम्ही बाहेरून शंभरदा पाहिलं असेल. महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून १९१० मध्ये ते उभं करायला घेतलं. लोखंडी कपाटांची उभी रांग, मजल्यांना जाड काचेच्या फरश्या, म्हणजे वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत झिरपतो. तिथल्या जुन्या मराठी पुस्तकांत बसायला सुरुवात करा. काय हवंय याची यादी घेऊन जाऊ नका. एक कपाट धरा आणि त्यातलं जे जे १८८० ते १९१० मधलं असेल ते उघडून पाहा. शेतकीची पुस्तकं, पाकशास्त्र, भूगोलाची क्रमिक पुस्तकं. कारकून शाळेत जो भूगोल शिकला असेल, तोच घेऊन तो मार्सेलला उतरणार.

दोन पुस्तकं मात्र नाव घेऊन सांगते. एक, गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’. १८५७ च्या धामधुमीत वरसईचा एक भिक्षुक दक्षिणेच्या आशेनं ग्वाल्हेरच्या वाटेला लागतो आणि झाशीच्या वेढ्यात सापडतो. हे लिहिलं गेलं १८८३ च्या सुमारास, छापलं गेलं १९०७ मध्ये. राणीच्या युद्धासाठी ते सगळे वाचतात. तुम्ही ते वेगळ्या कारणासाठी वाचा: मराठी माणूस परमुलखात गेला की कशाकडे बघतो? मुक्काम कुठं, पाणी कसं, स्वयंपाक कुणाच्या हातचा, दक्षिणा किती, नदीला घाट आहे की नाही. तुमचा कारकून सीनच्या काठी उभा राहील तेव्हा नोत्र दामचा कळस त्याला नंतर दिसेल. आधी त्याला दिसेल की एवढी मोठी नदी, बांधीव काठ, पायऱ्याही आहेत आणि स्नान कुणी करत नाही.

दुसरं, पंडिता रमाबाईंचं १८८३ मधलं इंग्लंडच्या प्रवासाचं लेखन. त्या बोटीवरच्या मराठीत समुद्र कसा उतरतो, ते पाहा. तेव्हाचं मराठी गद्य लांब वाक्यांचं होतं, संस्कृत शब्दांना न लाजणारं होतं आणि तरी फार थेट होतं. तुमच्या शंभर पानांत पणजोबा आजच्या वर्तमानपत्राच्या मराठीत विचार करत असतील तर तिथंच वाचकाचा विश्वास सुटेल. जुनी भाषा नक्कल करून आणू नका. ती कानात इतकी साठू द्या की आजचे शब्द तिथं आपोआप खटकायला लागतील. हरिभाऊ आपटे, ‘केसरी’च्या जुन्या फायली, घरातली जुनी पत्रं, जे मिळेल ते. आणि घरात मोडी कागद असतील तर मोडी शिकाच. थोड्या महिन्यांच्या सरावानं लागते वाचायला. एखाद्या हिशेबाच्या चोपडीत पणजोबांनी विकत घेतलेल्या लोकरी बंडीची किंमत सापडली, तर ती बंडी तुम्हाला एक अख्खं प्रकरण देईल.

सरकारी बाजू हवी असेल तर राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ उघडा. इंग्रज सरकारच्या परराष्ट्र खात्याच्या असंख्य फायली तिथं घरबसल्या पाहता येतात. संस्थानिक कुठं जाणार, कुणाला बरोबर नेणार, यावर किती कागद रंगत होते हे वाचलंत की लवाजम्यातल्या माणसांवरचा दबाव समजेल.

पॅरिसबद्दल प्रवासवर्णनं कमी वाचा, मार्गदर्शिका जास्त वाचा. कार्ल बेडेकर या जर्मन प्रकाशनाची लाल बांधणीची मार्गदर्शिका त्या काळी प्रत्येक युरोपीय प्रवाशाच्या खिशात असे. तिच्या जुन्या आवृत्त्या इंटरनेटवर मोफत मिळतात. गाडीभाडं किती, हमालाला काय द्यायचं, कुठल्या भागात उतरू नये, हे सगळं तिथं आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या डिजिटल संग्रहात तेव्हाची वर्तमानपत्रं, नकाशे, चित्रं खुली आहेत. फ्रेंच येत नसली तरी जाहिराती पाहा. आणि अत्जे या छायाचित्रकारानं त्याच काळात पॅरिसचे बोळ, दुकानं, अंगणं टिपून ठेवली आहेत. ती छायाचित्रं बहुतांशी निर्मनुष्य आहेत, त्यामुळे तिथं तुमच्या माणसाला उभं करायला जागा आहे.

आता ज्या कारणासाठी मी ‘आधी खर्डा’ म्हणते आहे, ते सविस्तर सांगते. डोळ्यांनी पाहिलेलं खरं असतं, पण ते आजचं खरं असतं. ऐतिहासिक कादंबरीकाराला प्रवास फसवतो, आणि जो काही न वाचता जातो त्याला जास्त फसवतो.

मार्सेलच्या सेंट चार्ल्स स्टेशनातून बाहेर पडलात की समोर एक भव्य दगडी जिना शहरात उतरतो. कुणाही लेखकाचे हात शिवशिवतील. पणजोबा पगडी सांभाळत त्या पायऱ्या उतरताहेत, खाली अख्खं शहर पसरलंय! पण तो जिना १९२० च्या दशकातला आहे, उद्घाटन १९२७ चं. तुमच्या पणजोबांच्या वेळी स्टेशन टेकाडावर होतं, जिना नव्हता.

आयफेल टॉवर तुम्हाला तपकिरी दिसेल. १९०० च्या प्रदर्शनासाठी तो पिवळ्या छटांत रंगवला होता, खाली नारिंगीकडे झुकणारा, वर फिकट होत गेलेला. गुजरातच्या दुष्काळातून आलेल्या माणसाला हळदीच्या रंगाचा हजार फुटी मनोरा दिसतो, हे वाक्य पॅरिसला जाऊन सुचणार नाही, वाचूनच सुचेल. मोंमार्त्रच्या टेकडीवरचं साक्रे-कर तेव्हा बांधून व्हायचं होतं. प्रदर्शनात वसाहतींची दालनं ज्या त्रोकादेरोच्या बागेत होती, तिथला तेव्हाचा राजवाडा १९३० च्या दशकात पाडला. आज दिसते ती इमारत त्यानंतरची. आणि त्या वसाहतींच्या दालनांपाशी नक्की थांबा. आपला देश दुसऱ्याच्या प्रदर्शनात मांडून ठेवलेला पाहताना बडोद्याच्या कारकुनाच्या मनात काय येतं? अभिमान, शरम, की नुसती कारागिरीतली खोट काढायची सवय? मला वाटतं तुमच्या कादंबरीचा मध्य तिथं आहे.

उजेडाचं तर फारच नाजूक आहे. जूनमध्ये पॅरिसला गेलात तर रात्री दहाला सूर्य मावळताना बघाल आणि भारावून तसंच लिहाल. पण आजचं घड्याळ उन्हाळ्यात पुढं केलेलं असतं आणि तेव्हा पॅरिस स्वतःच्या स्थानिक वेळेवर चालायचं. १९०० च्या घड्याळात तोच सूर्यास्त आठच्या सुमाराला होतो. दिवस मात्र खरंच लांब: २१ जूनला तिथं १६ तासांहून मोठा, आपल्याकडे साडेतेरा. पणजोबांना ते कशावरून जाणवेल? घड्याळावरून नाही. संध्या करायला बसायची वेळ टळत टळत जाईल, त्यावरून.

घड्याळाचीच आणखी एक गंमत. पॅरिसची वेळ ग्रिनिचच्या ९ मिनिटं २१ सेकंद पुढं होती आणि फ्रान्सच्या रेल्वे स्टेशनांवर आतली घड्याळं बाहेरच्यापेक्षा मुद्दाम ५ मिनिटं मागं ठेवायचे, प्रवाशाची गाडी चुकू नये म्हणून. ही पद्धत १९११ पर्यंत होती. हे वाचून लेखक पटकन लिहितो, ‘ते पाहून त्यांना नवल वाटलं.’ थांबा. १९०० मध्ये हिंदुस्थानात काय होतं? रेल्वे मद्रास टाइमवर, मुंबई शहर मुंबई टाइमवर, दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक. भारतीय प्रमाणवेळ आली १९०६ मध्ये. बडोद्याच्या स्टेशनावर गाड्या पकडलेल्या माणसाला दोन वेळांचं नवल वाटणार नाही. त्याला ते ओळखीचं वाटेल. परक्या शहरातली पहिली ओळखीची गोष्ट! असा तपशील एकट्या पॅरिसमध्येही सापडत नाही, एकट्या बडोद्यातही नाही. दोन्हीकडचं वाचन एकमेकांवर ठेवलं की तो वर येतो.

तारखाही घट्ट धरा. प्रदर्शन १४ एप्रिल ते १२ नोव्हेंबर १९०० चाललं. मेट्रोची पहिली मार्गिका १९ जुलैला सुरू झाली आणि गार द लियों हे तिच्या पहिल्या स्थानकांपैकी एक. मार्सेलची गाडी तिथंच येते. म्हणजे पणजोबा १९ जुलैआधी उतरले तर घोडागाडी, नंतर उतरले तर भुयारात उतरण्याची शक्यता. त्या स्टेशनचा मनोरा प्रदर्शनासाठीच बांधलेला, ६७ मीटर उंच, आजही उभा आहे. प्रदर्शनात रस्त्यापासून उंचावर दोन वेगांचा सरकता पदपथ होता, त्याच्या तेव्हाच्या चलत्फिती आज पाहायला मिळतात. माणसं त्यावर पाय कसा टाकतात ते पुनःपुन्हा पाहा. मोठ्या रस्त्यांवर लाकडी ठोकळ्यांची फरसबंदी होती, त्यामुळे टापांचा आवाज दबका यायचा. तुम्ही आज जाऊन कान दिलेत तर टायरांचा आवाज ऐकू येईल.

मग जायचं कशाला? शरीराला जे कळतं ते पुस्तकात नसतं, म्हणून. चढ किती लागतो. पुलावर वारा कुठून येतो. दगडी जमिनीतून वर चढणारी थंडी आधी तळव्यांना लागते की गुडघ्यांना. दोन ठिकाणांमधलं अंतर चालून किती वेळ खातं. मी इटलीतल्या त्रिएस्तला गेले ती हिवाळ्यात, मुद्दाम. तिथं बोरा नावाचा वारा सुटतो. त्याबद्दल मी भरपूर वाचलं होतं आणि ते वाचून माझ्या मनात थंडी होती. प्रत्यक्षात थंडीआधी आवाज आला, मग समजलं की आपण बोलतोय ते आपल्यालाच ऐकू येत नाही. माझ्या खर्ड्यातला त्या वाऱ्यातला दीड पानांचा संवाद मी तिथल्या तिथं काढून टाकला. त्या वाऱ्यात दोन माणसं बोलूच शकत नाहीत. तो प्रसंग मुका झाला आणि कितीतरी चांगला झाला. खर्डा बरोबर नसता तर मी वाऱ्याचं वर्णन लिहून आणलं असतं, बस.

म्हणून खर्डा लिहिताना अडलात की तिथं चौकोन काढा आणि पुढं जा. ‘स्टेशनपासून मुक्कामापर्यंत काय दिसतं’ चौकोन. ‘बोटीच्या पोटातला वास’ चौकोन. खर्डा संपला की चौकोन मोजून त्यांची दोन भागांत वाटणी करा: वाचून भरता येणारे आणि जाऊनच भरता येणारे. दुसऱ्या भागातले थोडेच उरतील, आणि तोच तुमच्या प्रवासाचा कार्यक्रम. दहा देश करू नका. मार्सेल, तिथून रेल्वेनं पॅरिस आणि पॅरिसमध्ये जेवढं राहता येईल तेवढं. कादंबरीतला जो महिना आहे त्याच महिन्यात जा.

तिथं गेल्यावर एखाद्या जागी पोचलात की पहिला अर्धा तास फोन खिशात ठेवा. छायाचित्र काढलं की मनाला वाटतं, झालं पाहून. वहीच्या डाव्या पानावर अंगाला काय लागलं ते लिहा, उजव्या पानावर खर्ड्यातलं कुठलं पान त्यानं बदलणार ते. उजवं पान कोरं राहत असेल तर ती जागा तुमच्या कादंबरीची नाही, कितीही सुंदर असली तरी. रोज एक रस्ता पणजोबांच्या वेगानं चाला. त्या काळच्या जोड्यात, अनोळखी गावात, साहेबाच्या मागं चार पावलं.

याचा सराव बडोद्यातच करता येतो. कमाटी बागेतल्या संग्रहालयाच्या चित्रदालनात जा. मारियन स्पीलमन या इंग्रज समीक्षकाकडून महाराजांनी युरोपीय चित्रं निवडून घेतली होती. पहिल्या महायुद्धामुळे ती यायला उशीर झाला आणि दालन १९२१ मध्ये उघडलं. एका चित्रासमोर तासभर बसा आणि त्यात जे आहे ते कारकुनाच्या मराठीत लिहा. चित्रकाराचं नाव, शैली, शतक काही नको. कापड कुठलं, उजेड कुठून येतोय, हा माणूस हुकूम देणारा की घेणारा. दर रविवारी एक चित्र. पॅरिसला पोचाल तेव्हा डोळा कामाला लागलेला असेल.

व्यवहाराचं थोडक्यात. फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो आणि प्रौढांसाठी व्हिसाशुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद पाहायचे असतील तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा. तिथलं वाचकपत्र मात्र मोफत मिळतं. पॅरिस महापालिकेच्या संग्रहालयांतले कायमचे संग्रह विनामूल्य पाहता येतात. त्यांतलं शहराच्या इतिहासाचं कार्नाव्हाले आणि १९०० च्या प्रदर्शनासाठीच बांधलेलं पेती पाले तुमच्या कामाची. स्कॉटलंडमध्ये हॉथॉर्नडन, स्वित्झर्लंडमध्ये लाव्हिन्यी अशी लेखकनिवासं आहेत, पण ती प्रकाशित लेखकांचा विचार करतात आणि अर्जाला इंग्रजी किंवा फ्रेंचमधला मजकूर लागतो. पुढच्या पुस्तकाच्या वेळी बघा.

तुमचा शेवटचा प्रश्न, नोकरी सांभाळून जन्मभर हे जमतं का. जमतं. मराठी कादंबरीच्या मानधनावर घर चालत नाही, म्हणून नोकरी ही लेखनाची शत्रू मानू नका. पाच वर्षं न छापता एकाच पुस्तकावर बसायची मुभा तीच देते. मी आयुष्यभर नोकरी केली आणि पहाटे लिहिलं. घरच्यांना सांगून ठेवलं होतं की दूधवाला येईपर्यंत मी घरात नाही असं समजा. घरच्यांनी ते मानलं, म्हणून पुस्तकं झाली. हे स्पष्ट बोलून घ्या. गृहीत धरून बसलात तर मनात अढी साठते आणि ती पानावर उतरते. संध्याकाळ वाचनाला. लिहीत असलेल्या विषयावरचं वाचन वेगळं आणि निव्वळ आनंदाचं वाचन वेगळं, दुसरं कधीही बंद करू नका. गुजराती वाचता ना? बडोद्याच्या मराठी लेखकाकडे दोन भाषांचं वाचन असतं, ही आपली मोठी मिळकत आहे. छप्पनियाची तीव्रता तुम्हाला गुजरातीतच जास्त सापडेल.

पॅरिसला फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकचं पासी भागातलं घर पाहा. छापखान्यातून आलेल्या मुद्रितांवर तो पुन्हा अख्खी कादंबरी लिहायचा; समासात, समासाच्या बाहेर, कागदाला कागद जोडून. ती पानं पाहिलीत की तुमच्या तिसऱ्या खर्ड्याचा कंटाळा पळून जाईल. दस्तयेव्हस्की १८६९ च्या सुमाराला फ्लॉरेन्समध्ये होता, ज्या शहराला जग चित्रं बघायला जातं तिथं. तो व्ह्यूस्यो वाचनालयात जाऊन रोज रशियन वर्तमानपत्रं वाचायचा, कारण त्याची कादंबरी रशियात घडत होती. आणि १९२१ मध्ये पॅरिसहून आयरिश कादंबरीकार जॉइसनं डब्लिनच्या मामीला पत्र लिहून विचारलं की सात नंबर, एक्लिस स्ट्रीटच्या कठड्यावरून साधा माणूस खाली उडी टाकून न लागता उतरू शकेल का. डब्लिन सोडून त्याला कितीतरी वर्षं झाली होती, मोठी झेप घेणारी कादंबरी हातात होती आणि तो कठड्याची उंची विचारत होता. तुम्हीही असंच विचारा. दांडिया बाजारातल्या वाड्यांची उंबऱ्याची उंची, सुरसागर तलावाला तेव्हा पाणी किती असेल, पहाटे स्टेशनकडे जाणारा रस्ता कुठून निघायचा. अजून सांगणारी माणसं आहेत आपल्याकडे. त्यांच्याकडे पॅरिसच्या आधी जा, कारण पॅरिस पुढच्या वर्षीही तिथंच असेल.

परत आलात की लगेच लिहायला बसू नका. महिनाभर वही बंद ठेवा. मग खर्डा हातात घेऊन फक्त चौकोन भरा, आणि ज्या चौकोनासाठी तुमच्याकडे तीन पानांचा मजकूर असेल तिथं तीन ओळी लिहा. बाकीचा मजकूर वाया जात नाही, तो त्या तीन ओळींच्या खाली राहतो आणि वाचकाला जाणवतो. पण आत्ता तुमच्यापुढचं काम वेगळं आहे. या आठवड्यात बोटीचं प्रकरण बाजूला ठेवा आणि पणजोबा घरातून निघाले त्या आदल्या रात्रीचं प्रकरण लिहा. घरात धान्य किती होतं, पणजी काय बोलल्या आणि काय बोलल्या नाहीत, पेटीत सगळ्यात वर काय ठेवलं. ते झालं की मला पाठवा, मी वाचीन.